नाकातली नवी लस नको, पण रेबीजची चुकवू नका

प्रश्न : आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात जुन्या वाड्यात राहतो. घरात दोन मांजरं आहेत. मनी तीन वर्षांची, आणि गोट्या पाच महिन्यांचा. तो दोन महिन्यांचा असताना आमच्याकडे आला. गेल्या पावसाळ्यात मनीबरोबर वाढलेलं एक पिल्लू गेलं. पोट फुगलं, ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले एफआयपी नावाचा मांजरांचा रोग आहे, काही करता येणार नाही. आता एका क्लिनिककडून व्हॉट्सअ‍ॅपवर सारखे मेसेज येतात, की एफआयपीवर परदेशातली नवी लस आली आहे, टोचायची नाही, नाकात थेंब टाकायचे, दोन डोस झाले की मांजर आयुष्यभर सुरक्षित. महिनाअखेरपर्यंत सवलत. मेसेजमध्ये लशीचं नाव कुठे दिलेलं नाही. सून म्हणते लगेच देऊन टाकू. मुलगा म्हणतो लशी हा सगळा धंदा आहे, त्यांनी मांजरांना कॅन्सर होतो असं त्याने वाचलंय. आता तो मनीची रेबीजची लसही देऊ देत नाही. ती दोन महिन्यांपूर्वीच द्यायची होती. गोट्याचं एक इंजेक्शन झालंय, पुढची राहिली आहेत. मी कुणाचं ऐकू?
– एक वाचक

उत्तर : ताई, आधी थेट उत्तर देते, कारणं नंतर सांगते. नाकातली ती लस मनीलाही नको आणि गोट्यालाही नको. मनीची रेबीजची लस याच आठवड्यात देऊन टाका. त्याच फेरीत गोट्यालाही घेऊन जा आणि त्याची राहिलेली लस सुरू करा.

म्हणजे नव्या लशीबद्दल तुमच्या मुलाला आलेली शंका रास्त आहे. पण ती शंका त्याने रेबीजवर नेऊन ठेवली, ते फार धोक्याचं आहे. सूनबाईंची घाई मला समजते. ज्या घरात पिल्लू डोळ्यांदेखत गेलं, तिथे कुणीही म्हणेल, काय असेल ते देऊन टाका. त्याच हळव्या जागेवर बोट ठेवून महिनाअखेरची सवलत लावणं मला अजिबात पटत नाही. लस गरजेची असेल तर ती पुढच्या महिन्यातही तितकीच गरजेची असते.

आता एफआयपी म्हणजे काय ते जरा सावकाश सांगते, कारण तो रोग कसा होतो हे कळलं की त्या लशीचं काय ते तुमचं तुम्हालाच कळेल. मांजरांचा स्वतःचा एक कोरोना विषाणू असतो. माणसांच्या कोविडचा विषाणू निराळा. मांजरांचा हा माणसांना होत नाही, तेव्हा घरातल्यांनी ती धास्ती घेऊ नये. हा विषाणू मांजराच्या आतड्यात राहतो आणि शीतून बाहेर पडतो. दोन मांजरं शीसाठी एकच ट्रे वापरतात, पायाला कण लागतात, मग पाय चाटले जातात आणि विषाणू पोटात जातो. जिथे पुष्कळ मांजरं एकत्र राहतात तिथे तो बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी होऊन जातो. होतं काय, तर बहुतेक वेळा काहीच नाही, फार तर थोडे दिवस शी पातळ. पण काही थोड्या मांजरांच्या, ढोबळमानाने शंभरात पाच-दहांच्या, अंगात हा विषाणू रूप बदलतो. मग तो आतडं सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो. ताप, वजन उतरणं, पोटात किंवा छातीत पिवळसर चिकट पाणी साठणं, हे सगळं तिथून सुरू होतं. दोन वर्षांच्या आतली पिल्लं यात जास्त सापडतात. तुमचं पिल्लू यातच गेलं असावं.

हा बदल ज्या त्या मांजराच्या अंगातच घडतो. बदललेला विषाणू एका मांजराकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. 2023 मध्ये सायप्रस बेटावर एक वेगळा प्रकार दिसला, मांजराच्या आणि कुत्र्याच्या कोरोना विषाणूंच्या मिश्रणातून झालेला, आणि तो मात्र मांजरांमध्ये थेट पसरला. पण तो अपवाद. तुमच्या त्या पिल्लाने मनीला एफआयपी दिला असेल या भीतीने तिला वेगळं ठेवण्याची वगैरे गरज नव्हती आणि आताही नाही.

आता ती लस. तुम्ही वर्णन केलंय तशी एफआयपीची नाकात टाकायची लस मुळात नवी नाहीच. अमेरिकेत ती 1991 मध्ये बाजारात आली. त्यामागची कल्पना हुशारीची होती. विषाणूची अशी जात तयार केली की ती नाकातल्या जरा थंड अस्तरावर वाढेल, पण आत शरीराच्या उष्णतेत तिला वाढता येणार नाही. म्हणजे नाकाघशातच पहारा बसेल आणि रोग मात्र होणार नाही. प्रत्यक्षात अडचणी निघाल्या. ती लस 16 आठवड्यांच्या पुढच्या पिल्लांना द्यायची असते, आणि ज्या घरात आधीपासून मांजरं आहेत तिथलं पिल्लू त्याच्या पुष्कळ आधीच कोरोना विषाणूला भेटून चुकलेलं असतं. एकदा विषाणू अंगात येऊन गेला की त्या लशीचा उपयोग होत नाही. दुसरं असं की लस ज्या प्रकारच्या विषाणूपासून केली तो दुसऱ्या गटातला, आणि बहुतेक मांजरांमध्ये फिरणारा विषाणू पहिल्या गटातला. म्हणून जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटना, जिची लसीकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जगभर प्रमाण मानतात, ती या लशीची शिफारस करत नाही.

तुमच्या घराला हे लावून बघा. मनी त्या गेलेल्या पिल्लाबरोबर एकाच घरात, बहुधा एकाच ट्रेवर वाढली. तिला कोरोना विषाणू होऊन गेलेला असणार असंच धरून चालायला हवं. गोट्या दोन महिन्यांचा असताना आला आणि गेले तीन महिने मनीबरोबर राहतोय. म्हणजे ज्या मांजरांवर ती लस चालत नाही, तशीच नेमकी तुमची दोन्ही.

या रोगावर लस करणं अवघड का, त्याचं एक कारण मुलाला जरूर सांगा, त्याला ते पटेल. 1990 च्या सुमारास एका प्रयोगात पिल्लांना कोरोना विषाणूच्या काट्याच्या (स्पाइक) प्रथिनावर बेतलेली लस दिली आणि मग रोगाचा विषाणू दिला. लस दिलेली पिल्लं न दिलेल्यांपेक्षा लवकर दगावली. शरीराने तयार केलेली प्रतिपिंडंच (अँटिबॉडी) विषाणूला पांढऱ्या पेशींमध्ये शिरायला मदत करत होती. बाजारात आलेल्या नाकातल्या लशीने असा घात होताना दिसला नाही, हेही खरं. पण एवढं अवघड दुखणं दोन थेंबांत आयुष्यभरासाठी मिटेल असं कुणी लिहीत असेल, तर त्याने आधी पुरावा दाखवायला हवा. ‘आयुष्यभर सुरक्षित’ हे शब्द जबाबदार डॉक्टर कुठल्याच लशीबद्दल वापरत नाहीत.

समजा ती खरोखरच नवी, वेगळी लस असेल. तर क्लिनिकमध्ये जाऊन डबी हातात मागा. मागायला संकोच करू नका, पैसे तुम्ही देणार आहात आणि मांजर तुमचं आहे. डबीवर लशीचं नाव, कंपनी, बॅच नंबर, मुदत आणि ती बाहेरून आणलेली असेल तर आयात परवान्याचा नंबर असायलाच हवा. परदेशी लस भारतात विकायची तर केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकांचा परवाना लागतो. कुणाच्या बॅगेतून आलेली डबी ही लस म्हणून स्वीकारायचीच नाही, मग रोग कुठलाही असो. दुसरा प्रश्न, ती ठेवली कुठे होती? लशी 2 ते 8 अंश तापमानात राहायला हव्यात. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी भागांत वीज नव्हती, हेही आपण पाहिलंय. वीज गेली की तुमच्या फ्रिजचं काय करता, हे ज्या दवाखान्याला विचारल्यावर राग येत नाही, तो दवाखाना धरून ठेवावा. आणि तिसरा प्रश्न, आधीच कोरोना विषाणू होऊन गेलेल्या मांजरावर ही लस चालते हे कुठे तपासलंय? याचं उत्तर कागदावर मिळालं नाही तर नमस्कार करून परत या.

त्या भेटीत तुम्हाला ‘कोरोना अँटिबॉडी टेस्ट’ करून घ्या असंही सुचवलं जाईल. धडधाकट मांजरांची ती करू नका. पॉझिटिव्ह येण्याचा अर्थ एवढाच, की विषाणू कधीतरी येऊन गेला. एफआयपी आहे किंवा होणार, असं त्यातून कळत नाही. त्या एका कागदापायी घरात रडारड झालेली मी पाहिली आहे, आणि मांजर पुढे वर्षानुवर्षं ठणठणीत.

लस नवी आहे म्हणून ती वाईट, असं मात्र माझं म्हणणं नाही. मांजरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूवरची लस 1985 मध्ये नवीच होती. आज जिथे तो रोग आहे तिथल्या पिल्लांना ती आवर्जून देतात. उलट 2002 मध्ये अमेरिकेत एफआयव्हीवर, म्हणजे ज्याला लोक मांजरांचा एड्स म्हणतात त्यावर, मोठा गाजावाजा होऊन लस आली. नंतर कळलं की लस दिलेलं मांजर नेहमीच्या रक्ततपासणीत रोगी असल्यासारखं दिसतं. हरवलेलं मांजर आश्रयगृहात पोचलं आणि तपासणी झाली, तर ते रोगी समजलं जायचं आणि त्याच्या जिवावर बेतायचं. विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर ती सारखी चालतही नव्हती. पुढे उत्तर अमेरिकेच्या बाजारातून ती गेली. तेव्हा प्रत्येक लशीचं तिच्यापुरतं बघावं लागतं.

आणि म्हणूनच आता मुलाशी बोलायला हवं. त्याने कॅन्सरचं वाचलंय ते खोटं नाही, आणि त्याला खोटं पाडू नका. 1991 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पशुवैद्यकांच्या लक्षात आलं, की मांजरांना जिथे इंजेक्शन देतात तिथेच काहींना सार्कोमाच्या, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरच्या, गाठी होत आहेत. तेव्हापासून त्यावर पुष्कळ काम झालंय. प्रमाण साधारण दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी. पण ज्याच्या मांजराला होतो त्याच्यासाठी तो आकडा काही कामाचा नसतो, हे मला कळतं. म्हणून काळजी घेण्याची पद्धत ठरलेली आहे. लस दोन खांद्यांच्या मधे द्यायची नाही, तिथे गाठ झाली तर ती पूर्ण काढणं फार कठीण जातं. मागच्या पायाच्या खालच्या भागात द्यायची, आणि कुठल्या पायात दिली ते लसीकरणाच्या पुस्तिकेत लिहून घ्यायचं. नंतर गाठ आलीच तर तीन गोष्टी बघायच्या. तीन महिन्यांनीही ती आहे का, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का, आणि लस दिल्याला एक महिना उलटूनही वाढते आहे का. यातलं एकही ‘हो’ असेल तर थांबायचं नाही, तुकडा तपासायला द्यायचा. बहुतेक गाठी आपोआप जिरतात. आणि कारण नसताना दरवर्षी प्रत्येक लस टोचत राहण्याचीही गरज नसते. घरातच राहणाऱ्या, कमी धोक्याच्या मोठ्या मांजराला ट्रायकॅट, म्हणजे तीन रोगांवरची एकत्र लस, तीन वर्षांनी एकदा पुरते, असंच आता मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दरवर्षीचा आग्रह धरणाऱ्या क्लिनिकबद्दल मुलाला राग असेल तर तो इथे काढू दे, इथे तो योग्य आहे.

पण रेबीज? ताई, इथे मी हात जोडून सांगते. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस असो की मांजर, वाचत नाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे 36 टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यातले बहुतेक कुत्र्यांमुळे, पण मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होतो. मनी घराबाहेर जात नाही असं तुम्ही म्हणाल. दांडिया बाजारातले वाडे मला माहीत आहेत. एका अगाशीवरून दुसऱ्या अगाशीवर मांजर कधी गेलं ते घरच्यांना कळत नाही, उत्तरायणात, पतंगांच्या दिवसांत, तर सगळी दारं उघडी आणि सगळं गाव वर. खाली भटकी कुत्री, परसात मुंगूस. मुंगसालाही रेबीज होतो. एका ओरखड्यासाठी मग घरातल्या प्रत्येकाने दवाखान्यात इंजेक्शनांसाठी रांगा लावायच्या आणि महिनाभर जीव मुठीत धरून बसायचं, त्यापेक्षा मनीला एक सुई किती सोपी. दोन महिने उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आधीचे डोस झालेले असतील तर बहुधा एकच पुरतो. गोट्याला अजून रेबीजची दिली नसेल तर तीही द्या, तीन महिन्यांच्या पुढे ती देतात. आणि कुठलंही मांजर चावलं किंवा त्याने ओरबाडलं, अगदी घरचंही, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

गोट्याची ट्रायकॅटही तितकीच महत्त्वाची. तिच्यातला मुख्य रोग पॅनल्यूकोपेनिया. उलट्या, हगवण, आणि लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. हा विषाणू फरशीच्या फटीत, गोणपाटात महिनोन्‌महिने टिकतो, नुसत्या फिनाइलने जात नाही, ब्लीच लागतं. तो आपल्या चपलांवरूनही घरात येतो. पहिलं इंजेक्शन दोन महिन्यांचं असताना झालं, ते पुरत नाही, कारण आईच्या दुधातून आलेली ताकद तोवर अंगात असते आणि ती लशीलाच निकामी करते. म्हणूनच 16 आठवड्यांपर्यंत ती पुन्हा पुन्हा देतात. गोट्या आता त्यापुढे गेलाय, तेव्हा डॉक्टर बहुधा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस देतील.

एफआयपीचं मग काय, हा तुमचा खरा प्रश्न मी विसरलेले नाही. ते टाळायचं तर विषाणूचा भार कमी ठेवायचा. दोन मांजरांना तीन ट्रे ठेवा, जेवणाच्या वाट्यांपासून लांब. शी रोज दोनदा काढा. हा विषाणू ट्रेमधल्या वाळलेल्या लिटरमध्ये, म्हणजे शीसाठी घातलेल्या वाळूत, सात आठवड्यांपर्यंत जगू शकतो, म्हणून आठवड्यातून एकदा ट्रे पूर्ण रिकामा करून गरम पाण्याने धुवा. गोट्या मोठा होईपर्यंत तिसरं पिल्लू आणू नका, कितीही गोड असलं तरी. आणि त्याची नसबंदी आणि लस एकाच आठवड्यात उरकू नका, पिल्लांना ताण सोसत नाही.

आणि इतकं करूनही एफआयपी झालाच तर आता ‘काही करता येणार नाही’ अशी स्थिती राहिलेली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-441524 नावाचं औषध 31 मांजरांना देऊन पाहिलं, त्यांतली 25 पुढे दीर्घकाळ जगली, असं 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. कोविडच्या काळात आपण ज्या रेमडेसिव्हिरसाठी धावत होतो, ते शरीरात गेल्यावर ज्या पदार्थात बदलतं तोच हा. उपचार साधारण बारा आठवडे रोज चालतो, खर्चिक आहे, आणि तो डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचा. नेटवरून बिननावाच्या बाटल्या मागवायच्या नाहीत. तुमच्या त्या पिल्लाबद्दल मनाला लावून घेऊ नका. ही माहिती अजून सगळीकडे पोचलेली नाही, आणि तुम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं होतंत. पुढे कधी गोट्याचा ताप तीन-चार दिवस उतरला नाही किंवा पोट मोठं दिसू लागलं, तर वाट न बघता आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. वडोदऱ्याहून ते तासाभराच्या अंतरावर आहे. त्या सवलतीतल्या लशीचे पैसे आत्ता वाचवाल ते तेव्हा कामाला येतील.

लशीला जाताना मुलालाच बरोबर न्या. मनीला टोपलीत तिचा रोजचा टॉवेल घालून, उन्हं चढायच्या आत. ट्रायकॅटच्या दोन कुप्या असतात, एकीत पांढरी सुकी वडी आणि दुसरीत पातळ द्रव. सुकी वडी तुमच्या समोर फ्रिजमधून काढून, द्रवात तिथेच मिसळून, लगेच सुईत भरायला हवी. कुपीवरचं स्टिकर पुस्तिकेत लावून घ्या, आणि ‘उजवा मागचा पाय’ की ‘डावा’ ते डॉक्टरांना स्वतःच्या हाताने लिहायला सांगा. नंतर अर्धा तास तिथेच बसा. मांजर दिवसभर सुस्त राहिलं, जेवलं नाही तर चालतं. चेहरा सुजला, सारख्या उलट्या झाल्या, धाप लागली तर मात्र तसंच परत आत जायचं. आणि मुलाला फोनवर एक महिन्याची आणि तीन महिन्यांची आठवण लावून ठेवायला सांगा. त्या दिवशी त्यानेच मनीचा पाय चाचपून बघायचा.